पिच : एक शब्द, भानगडी अनेक

इंग्रजीत पाच अक्षरांचा एक शब्द आहे. पी-आय-टी-सी-एच, पिच. वर्गात, वर्कशॉपमध्ये, मैदानावर, गॅदरिंगच्या तालमीत, सगळीकडे हा गडी आपल्याला भेटतो आणि दरवेळी वेगळंच काहीतरी सांगून जातो. मेकॅनिकलवाल्याला विचारा, तो स्क्रूचे आटे दाखवेल. सिव्हिलवाला छपराकडे बोट करेल. इलेक्ट्रिकलवाला मोटरच्या वाइंडिंगबद्दल बोलायला लागेल. केमिकलवाला म्हणेल, डांबर! गाण्याच्या ग्रुपमधला म्हणेल, पट्टी. ई-सेलवाला म्हणेल, इन्व्हेस्टरसमोर करतात ते भाषण. आणि हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये विचारलंत तर एकच उत्तर मिळेल, ते सांगायला नकोच.

गंमत म्हणजे सगळ्यांचंच बरोबर आहे. आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपल्यापैकी बरेचजण मराठी माध्यमातून आलेले. पहिल्या वर्षी आपण काय करतो, तर डिक्शनरी उघडतो, पहिला अर्थ वहीत उतरवतो आणि तो पाठ करतो. मग तोच शब्द दुसऱ्या विषयात दुसऱ्या अर्थाने आला की वाटतं, आपलं इंग्लिश कच्चं आहे. तसं काही नसतं हो. भानगड त्या शब्दातच असते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही या भानगडीची किंमत मोजावी लागली आहे, कधी पैशात तर कधी जिवावर बेतून. तीही उदाहरणं पुढे येतील. तेव्हा या एकाच शब्दाला धरून त्याच्या मुळापर्यंत जाऊन येऊ. एकदा ही पद्धत जमली की बाकीचे शब्द तुमचे तुम्हाला सोडवता येतील.

आधी फाळणी करू

लायब्ररीत ऑक्सफर्डची जाडी डिक्शनरी आहे. त्यात काही शब्दांच्या डोक्यावर बारीक १, २ असे आकडे असतात. आपण ते बघतच नाही. तो आकडा सांगतो की स्पेलिंग एक असलं तरी हे शब्द वेगळे आहेत, वेगळ्या घरांत जन्मलेले. एकाच नावाची दोन मुलं एका वर्गात असतात ना, तसं.

पिचवर असे दोन आकडे आहेत. एक पिच म्हणजे डांबर, राळ, तो काळा चिकट पदार्थ. दुसरा पिच म्हणजे बाकी सगळं: आटे, खेळपट्टी, सूर, छपराचा उतार, विमानाचं नाक वरखाली होणं, तंबू उभारणं, चेंडू फेकणं, माल विकायला केलेली बडबड. या दोन घरांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. त्यामुळे 'डांबर चिकटतं, स्क्रूही घट्ट बसतो, म्हणून दोन्हीला पिच म्हणतात' असला फंडा कुणी मारला तर खुशाल हसा.

डांबराच्या घरचा पिच

लॅटिन भाषेत डांबर किंवा राळेला 'पिक्स' म्हणत. तो शब्द जुन्या इंग्रजीत 'पिक' झाला आणि पुढे त्याचा पिच झाला. जर्मन भाषेत तोच 'पेख' म्हणून नांदतोय. जर्मन माणूस 'पेख' हा शब्द दुर्दैव या अर्थानेही वापरतो. पूर्वी पक्षी पकडायला फांद्यांना चिकट पदार्थ लावत, त्यात अडकलेला पक्षी म्हणजे 'पेखफोगेल', कमनशिबी माणूस. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याचा प्रिंटर बंद पडतो, तो.

लाकडी जहाजांच्या जमान्यात हा पदार्थ फार मोलाचा होता. फळ्यांच्या सांध्यांत तो भरल्याशिवाय जहाज पाण्यात टिकायचं नाही. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर नैसर्गिक डांबराचा एक तलावच आहे, सुमारे १०० एकरांचा, नाव पिच लेक. १५९५ साली वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने तिथलं डांबर वापरून आपल्या जहाजांचे सांधे बुजवले होते. त्याच बेटावर पोर्ट ऑफ स्पेनला क्वीन्स पार्क ओव्हल आहे. १९७१ साली आपल्या सुनील गावसकरने तिथेच कसोटीत पदार्पण केलं आणि भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. म्हणजे एकाच बेटावर दोन्ही घरचे पिच नामांकित!

इंग्रजीत 'पिच डार्क' किंवा 'पिच ब्लॅक' म्हणतात तो हाच डांबरी काळेपणा, आपला काळाकुट्ट. युरेनियमच्या काळ्या खनिजाला 'पिचब्लेंड' म्हणतात तेही याच घरातलं. १७८९ मध्ये क्लाप्रोथने त्यात युरेनियम शोधलं आणि १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने त्याच खनिजातून पोलोनियम आणि रेडियमचा शोध लावला. बंगाली मित्र असेल तर त्याला विचारा, ते डांबरी रस्त्याला 'पिचचा रस्ता' म्हणतात.

केमिकलच्या मित्रांसाठी एक बारकावा. कोळशापासून मिळालेलं कोलटार डिस्टिल केल्यावर तळाला जो गाळ उरतो तो कोलटार पिच. ॲल्युमिनियमच्या कारखान्यातले कार्बन ॲनोड बांधायला तो वापरतात. आपल्या रस्त्यावर जे पडतं ते बहुतेक पेट्रोलियमपासून काढलेलं बिटुमेन असतं. आपण दोघांनाही डांबर म्हणून मोकळे होतो, पण पेपरात तसं लिहू नका.

आणि हा पदार्थ घन की द्रव? हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकाने १९२७ साली एका नरसाळ्यात पिच ओतलं, तीन वर्षं ते बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं तोंड उघडलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून थेंब पडले नऊ. हो, फक्त नऊ! म्हणजे तो द्रवच, पण पाण्याच्या कित्येक अब्ज पट घट्ट. पुढे जॉन मेनस्टोन यांनी हा प्रयोग कित्येक वर्षं सांभाळला. १९८८ चा थेंब पडला तेव्हा ते जरा काहीतरी प्यायला बाहेर गेले होते. २००० साली कॅमेरा लावून ठेवला, तर नेमका तोच बिघडला. २०१३ मध्ये ते वारले. थेंब पडताना त्यांनी एकदाही पाहिला नाही. आपल्या प्रॅक्टिकलला रीडिंग येत नाही म्हणून वैतागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या घरचा पिच : म्हणजे 'ठोकणे'

आता मोठं घर. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'पिचेन' असं क्रियापद होतं. अर्थ : टोकदार वस्तू जमिनीत खुपसणे, रोवणे, घट्ट बसवणे. या एका क्रियेतून पुढचं सगळं गोत निघालं.

हे आपल्याला कठीण का जाऊ नये, ते सांगतो. मराठीतला 'ठोकणे' घ्या. खुंटी ठोकतो. तंबू ठोकतो. सैन्य तळ ठोकतं. सेहवाग षटकार ठोकायचा. पुढारी भाषण ठोकतो. कुणी आरोळी ठोकतो, कुणी दावा ठोकतो, कुणी सलाम ठोकतो आणि रेक्टर दिसले की आपण धूम ठोकतो. हे अर्थ आपल्याला कुणी पाठ करायला लावले होते का? नाही. खुंटीवर हातोडा पडतो ते चित्र डोक्यात असतं, बाकीचे अर्थ त्याच्या मागोमाग येतात. 'लागणे'चंही तसंच. भूक लागते, ठेच लागते, घाट लागतो, नोकरी लागते आणि निकालही लागतो, दोन्ही अर्थांनी.

आता इंग्रजीकडे बघा. 'पिच अ टेंट' म्हणजे तंबू ठोकणे. 'पिच कॅम्प' म्हणजे तळ ठोकणे. शब्दाला शब्द! 'पिच्ड बॅटल' म्हणजे दोन्ही सैन्यं जागा धरून, समोरासमोर उभी राहून लढतात ती लढाई. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई अशी. गनिमी कावा म्हणजे याच्या बरोबर उलट, जागा न धरता लढणं.

नेमकी जागी बसेल अशी वस्तू टाकायची म्हणजे ती नेम धरून फेकावी लागते. म्हणून पिच म्हणजे फेकणे, आणि बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर. डोक्यावर पडल्यासारखं पुढे कोसळणे हाही अर्थ त्यातूनच आला. लाटेवर जहाजाचं नाक खाली जातं, परत वर येतं, त्याला पिचिंग म्हणायला लागले. विमानं आली तेव्हा जहाजाचे शब्द विमानाला मिळाले : नाक वरखाली म्हणजे पिच, कुशीवर कलणं म्हणजे रोल, नाक डावीउजवीकडे म्हणजे यॉ.

फेरीवाला बाजारात पथारी मांडतो ती जागा म्हणजे त्याची पिच. तिथे उभा राहून तो ओरडून माल विकतो, ते बोलणंही पिच झालं. आजचे स्टार्टअपवाले टाय लावून, प्रोजेक्टर लावून करतात ते 'पिच' मुळात या पथारीवाल्याचं आहे. ई-सेलच्या मित्रांनी राग मानू नये. पथारीवाल्याइतक्या कमी वेळात गिऱ्हाईक पटवता आलं तर कुठलीही स्पर्धा जिंकाल.

बावीस यार्ड

क्रिकेटमध्ये स्टंप जमिनीत ठोकतात. या ठोकण्याला इंग्रजीत पिचिंग म्हणत. १७४४ च्या नियमांतही विकेट 'पिच' करण्याबद्दल कलम आहे. दोन्ही बाजूंचे स्टंप जिथे ठोकायचे त्यांच्यामधली ती जमीन पुढे स्वतःच पिच म्हणून ओळखली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये तर फुटबॉलच्या अख्ख्या मैदानालाही पिच म्हणतात. आणि चेंडू जमिनीवर जिथे टेकतो, म्हणजे आपल्या कॉमेंट्रीतला टप्पा, त्यालाही 'पिच्ड' म्हणतात. तेव्हा 'द बॉल पिच्ड ऑन द पिच' या वाक्यात शब्द एकच, पण एकदा टप्पा आणि एकदा पट्टी.

ही पट्टी बावीस यार्डच का? सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करावी. एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास जमीन मोजायची साखळी ठरवली, १०० कड्यांची, ६६ फूट लांब. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. आणि एक साखळी रुंद, दहा साखळ्या लांब तुकडा म्हणजे एक एकर. चेन सर्व्हेला उन्हात जी साखळी ओढत फिरतो, तिच्या या आजीच्या लांबीएवढीच सचिनची खेळपट्टी होती.

आपापल्या ब्रँचचा पिच

आता आपल्या मार्कांशी संबंध असलेला भाग. इंजिनिअरिंगमध्ये पिच बहुतेक वेळा 'अंतर' म्हणून येतो. मी तो असा लक्षात ठेवतो : एका ओळीत सारख्या खुंट्या ठोकल्या आहेत, एका खुंटीपासून पुढच्या तशाच खुंटीपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. फक्त खुंटी कुठली आणि अंतर कुठल्या दिशेने मोजायचं, हे ब्रँचप्रमाणे बदलतं.

स्क्रू : एका आट्यावरच्या बिंदूपासून शेजारच्या आट्यावरच्या तशाच बिंदूपर्यंतचं, अक्षाला समांतर मोजलेलं अंतर. अकरावीच्या स्क्रू गेजचा पिच १ मि.मी., गोल स्केलवर १०० भाग, म्हणून लीस्ट काउंट ०.०१ मि.मी. एम १० चा साधा बोल्ट घेतला तर पिच १.५ मि.मी., बारीक आट्याचा घेतला तर १.२५. इथे व्हायवाचा लाडका प्रश्न येतो : पिच आणि लीड यांत फरक काय? एका फेऱ्यात स्क्रू जितका पुढे जातो ते लीड. आटा एकेरी असेल तर दोन्ही सारखेच. दुहेरी असेल तर लीड पिचच्या दुप्पट. लोणच्याच्या बरणीचं झाकण अर्ध्याहून कमी फेऱ्यात का बसतं? त्याला एकाहून जास्त आटे सुरू होतात म्हणून.

गिअर : इथे खुंटी म्हणजे दात, पण अंतर सरळ रेषेत नाही, पिच सर्कलवर गोल मोजायचं. मॉड्यूलला पायने गुणलं की सर्क्युलर पिच. एकमेकांत बसणाऱ्या दोन गिअरचा पिच सारखाच हवा, नाहीतर दात तुटतात.

सायकलची चेन : पिच अर्धा इंच, १२.७ मि.मी. चेन जुनी झाली की पिना झिजतात, दर कडीचा पिच थोडा थोडा वाढतो आणि चेन दातांवर चढून घसरते. आपण सायकलवाल्याला शिव्या घालतो, दोष पिचचा असतो.

इलेक्ट्रिकल : इथे खुंट्या म्हणजे स्टेटरचे स्लॉट. ३६ स्लॉट, ४ पोल, तर पोल पिच ९ स्लॉट. कॉईल ९ स्लॉटवर पसरली तर फुल पिच, ८ वर पसरली तर शॉर्ट पिच. एक स्लॉट म्हणजे २० इलेक्ट्रिकल डिग्री, म्हणून पिच फॅक्टर येतो ०.९८५. व्होल्टेज दीड टक्का गेलं, पण हार्मोनिक्स कमी झाले आणि तांबंही वाचलं.

इलेक्ट्रॉनिक्स : ब्रेडबोर्डच्या दोन भोकांमधलं अंतर २.५४ मि.मी., म्हणजे इंचाचा दहावा भाग. जुन्या पद्धतीच्या आयसीच्या पायांचा पिचही तोच, म्हणून आयसी ब्रेडबोर्डवर टचकन बसते.

सिव्हिल : रिव्हेटचा पिच म्हणजे एका ओळीतल्या लगतच्या दोन रिव्हेटच्या केंद्रांमधलं अंतर. इथवर ठीक. पण छपराचा पिच हे अंतर नाही, तो उतार आहे, आणि इथे खरा घोळ होतो. आपल्या पुस्तकांत पिच म्हणजे छपराची उंची भागिले पूर्ण गाळा, आणि स्लोप म्हणजे उंची भागिले अर्धा गाळा. ६ मीटरचा गाळा, १.५ मीटर उंची : पिच १/४, पण स्लोप १/२, कोन साधारण २६.६ अंश. आता कुणी पिच १/४ वाचून स्लोपच १/४ धरला, तर कोन येतो १४ अंश. कोकणातल्या पावसात १४ अंशावर कौलं घातली तर घरात बादल्या मांडायची वेळ येईल. अमेरिकेत तर १२ इंच आडवं जाताना किती इंच चढतो, यालाच पिच म्हणतात. ड्रॉइंग कुठल्या देशाचं आहे ते आधी बघा.

पंखे आणि प्रोपेलर : प्रोपेलर हा हवेतला किंवा पाण्यातला स्क्रूच. एका फेऱ्यात तो न घसरता जितका पुढे जाईल ते त्याचं पिच. मोठ्या पवनचक्कीत मात्र पिच म्हणजे पात्याचा कोन. वारा फार झाला की पातं आपल्याच अक्षाभोवती फिरवून वारा सोडून देतात.

आणखी एक मेख. काही ठिकाणी पिच हे अंतर नसून नेमकं उलट, 'एका इंचात किती' असतं. टाइपरायटरचा १० पिच म्हणजे इंचात १० अक्षरं, १२ पिच म्हणजे इंचात १२. गिअरचा डायमेट्रल पिच म्हणजे व्यासाच्या दर इंचाला किती दात. म्हणजे एका ठिकाणी आकडा वाढला की आटा जाड होतो आणि दुसऱ्या ठिकाणी आकडा वाढला की दात बारीक होतात. युनिट न लिहिता नुसता आकडा लिहिणाऱ्याचे मास्तर मार्क का कापतात, ते इथे कळतं.

पिच जुळला नाही, आणि पिच जुळला

हे सगळं पेपरापुरतं आहे असं वाटत असेल तर दोन घटना ऐका.

७ फेब्रुवारी १९०४, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. आग लागली. शेजारच्या वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब मदतीला धावले, काही तर रेल्वेत चढवून आणले. माणसं होती, बंब होते, पाणी होतं. पण बाहेरून आलेल्या कित्येक बंबांच्या होजची कपलिंग बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. प्रत्येक शहराचा व्यास वेगळा, आटे वेगळे. आग सुमारे ३० तास चालली आणि जवळजवळ १५०० इमारती जळाल्या. नंतर तपासणी केली तेव्हा देशभरात कपलिंगचे ६०० हून जास्त प्रकार सापडले. १९०५ मध्ये प्रमाण ठरलं : अडीच इंची होजला इंचात साडेसात आटे. मिलिमीटरमध्ये पिच काढा, ३.३९ येईल. या एका आकड्यासाठी शहराचा मधला भाग राख व्हावा लागला.

दुसरी घटना १० जून १९९० ची. बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान, फ्लाइट ५३९०. साधारण १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि को-पायलटने विमान साउदम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले, हे नशीब.

कारण काय निघालं? ती काच आदल्या दिवशीच नवीन बसवली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे जेमतेम ०.६६ मि.मी. लहान होते. जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतलेले. मग बसवताना कळलं कसं नाही? कारण हवा होता तो आणि घेतला तो, दोन्ही बोल्ट इंचात ३२ आट्यांचे. पिच तोच! बोल्ट फिरला, आत गेला, हाताला 'बसला' असं वाटलं. पण आट्यांची पकड पुरेशी नव्हती. वर गेल्यावर आतल्या हवेच्या दाबाने काच ढकलून दिली.

बाल्टिमोरला आटे जुळले नाहीत हे निदान लगेच कळलं. बर्मिंगहॅमला पिच जुळला म्हणून कुणाला शंकाच आली नाही. वर्कशॉपमध्ये पिच गेज लावून 'बरोबर आहे सर' म्हणताना हे आठवा. पिच बरोबर म्हणजे बोल्ट बरोबर, असं नसतं. व्यास, पिच, लांबी, तिन्ही बघायचं.

गाण्यातली पट्टी

गाण्यातला पिच म्हणजे सुराची उंची. कंपनसंख्या मोजता येते, पिच म्हणजे ती कानाला जशी जाणवते ते. इथेही घोळ होताच. जुन्या युरोपात प्रत्येक गावाचा सूर वेगळा. १८५९ साली फ्रान्सने 'ए' हा सूर ४३५ हर्ट्झ ठरवला, १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० ठरला आणि १९५५ मध्ये आयएसओनेही तोच घेतला. आपल्याकडे मात्र षड्ज ज्याचा त्याचा. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार. एकदा ठरला की तंबोरा, तबला, पेटी सगळे त्याच्याशी जुळवून घेतात. गॅदरिंगला कराओके ट्रॅक लावला की गाणाऱ्याचा आवाज फाटतो, कारण ट्रॅक गाणाऱ्याचं ऐकत नाही.

आता मराठीने केलेली एक झकास गोष्ट बघा. आपण क्रिकेटच्या पिचला 'खेळपट्टी' म्हणतो आणि गाण्याच्या पिचला 'स्वरपट्टी' किंवा नुसतीच 'पट्टी'. इंग्रजीत हे दोन अर्थ ठोकण्याच्या क्रियेतून आले. आपल्याकडे एक लांबट जमिनीच्या तुकड्यावरून आला आणि दुसरा पेटीच्या पट्ट्यांवरून. वाटा वेगळ्या, तरी दोन्हीकडे एकाच शब्दाने काम भागलं. आणि आपली पट्टीही काही कमी नाही : फूटपट्टी, मलमपट्टी, घरपट्टी, पाणीपट्टी, वर पट्टीचा पोहणारा. इंग्रज माणूस मराठी शिकायला आला तर त्याचीही झोप उडेल.

मग करायचं काय?

माझ्यापुरते मी तीन नियम केलेत, तुम्हाला पटले तर घ्या.

पहिला : नवा शब्द अडला की डिक्शनरीत डोक्यावरचा आकडा बघा. घर एक की दोन, ते आधी कळू दे.

दुसरा : त्या घरातली मूळ क्रिया शोधा. खुपसणं, उडी मारणं, वळणं, बांधणं, असं काहीतरी हाताने करता येण्यासारखं असतं. ती क्रिया मराठीत सांगून बघा. मराठीत विचार केल्याने इंग्रजी बिघडत नाही.

तिसरा, आणि पेपरासाठी सर्वात कामाचा : तांत्रिक शब्दाला मूळ क्रिया पुरत नाही, तिथे व्याख्याच लागते. पिचच्या बाबतीत, कुठून कुठे मोजलं, कुठल्या दिशेने मोजलं, युनिट काय, हे तीन प्रश्न विचारा. मूळ क्रियेने शब्द लक्षात राहतो, बोल्ट मात्र व्याख्येनेच बसतो.

एक्स्टर्नलने 'व्हॉट इज पिच?' विचारलं तर घाबरून पहिलं सुचेल ते बोलू नका. शांतपणे विचारा, 'सर, ऑफ थ्रेड ऑर ऑफ गिअर?' एवढ्या प्रश्नानेच समोरच्याला कळतं की पोराला विषय माहीत आहे.

सरावासाठी दोन शब्द देऊन थांबतो. एक 'स्प्रिंग' : कमानी, झरा आणि वसंत ऋतू. दुसरा 'डाय' : वर्कशॉपमधला ठप्पा आणि मरणं. यातल्या एकाचं घर एकच आहे आणि दुसऱ्याची दोन. कुठल्याचं कसं, ते लायब्ररीत जाऊन बघा. लायब्ररी रात्री बंद व्हायच्या आत जा म्हणजे झालं.